उजेडाची शाळा

आमच्या इंदूरच्या घरात, बैठकीच्या खोलीत, अण्णांची म्हणजे आमच्या वडिलांची तसबीर टांगलेली आहे. २०२२ च्या मार्च महिन्यात ते गेले. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या धावपळीत कोणाच्या तरी ध्यानात आले, की हार घालावयास अण्णांचे एकही धड छायाचित्र घरात नाही. पेट्या धुंडाळल्या, कपाटे उपसली, मुलांचे मोबाइल तपासले. लग्नामुंजींच्या घोळक्यांत अण्णा सर्वत्र होते. पण कोठे अर्धे, कोठे पाठमोरे, कोठे जेवणाच्या पंगतीत घास घेताना. शेवटी एका ओळखपत्रावरील टिकलीएवढे छायाचित्र मोठे करून घेतले. चष्म्याच्या दोन्ही काचांवर फ्लॅशचे दोन पांढरे डाग पडलेले आणि त्यांच्यामागे काहीच नाही. आईने तसबिरीकडे क्षणभर पाहिले आणि एवढेच विचारले, "ह्यांचे डोळे कुठे गेले?"

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच भिंतीवर, अण्णांच्या डाव्या हाताला, आमच्या पणजोबांची तसबीर आहे. पगडी, उपरणे, हातात काठी. कागद पिवळा पडला आहे, एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. पण पणजोबा आपल्याकडे पाहतात. त्यांच्या डोळ्यांतला ओलावा दिसतो, कपाळावरची आठी दिसते. ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही त्यांचा चेहरा आम्हांस पाठ आहे, आणि ज्यांच्या मांडीवर वाढलो त्यांचे डोळे मात्र हरवलेले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या छायाचित्रकाराजवळ असे काय होते, जे आज घराघरांतून हजारो छायाचित्रे काढणाऱ्या आपल्याजवळ नाही? हा प्रश्न पुढे दीड वर्ष आमच्या मनात घर करून राहिला.

२०२३ च्या दिवाळीत आमचे चिरंजीव आले आणि आपला जुना कॅमेरा आमच्या हवाली करून गेले. सोबत पन्नास मिलिमीटरचे एक भिंग होते. आमचा निश्चय झाला, की आईचे एक उत्तम छायाचित्र काढावयाचे, आणि तेही ती धडधाकट असताना. आम्ही हा मनसुबा तिला सांगितला तेव्हा ती हातातल्या वाती वळणे न थांबवता म्हणाली, "भिंतीवर लावायलाच हवाय ना? मग मी गेल्यावर काय तो लावा. आत्तापासून तयारी कशाला?" वर असेही बजावले, की उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला प्रखर उजेड सोसत नाही, फ्लॅश उडाला की घटकाभर डोळ्यांपुढे अंधेरी येते. ब्याऐंशी वर्षांच्या माउलीला कोण समजावणार? तेव्हा आम्ही ठरविले, की आधी शिकावे. आई तयार होईल त्या दिवशी आपला हात तयार असावा. त्या शिक्षणाला पुरते एक वर्ष लागले. त्या वर्षाची ही हकीकत, वाचकांपैकी काहींच्या उपयोगी पडेल या आशेने सांगत आहोत.

पहिले तीन महिने : खिडकी

आरंभी आम्ही तेच केले जे सारेच करतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला आणि घरातल्या प्रत्येकाला पकडून उभे केले. परिणाम भयंकर झाला. आमच्या सौ. गव्हाच्या पिठात बुडवून काढल्यासारख्या दिसू लागल्या, नातीचे डोळे लाल झाले आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर काळी कडक सावली उमटली. कारण साधे आहे, पण ते कळावयास आम्हांस पंधरवडा लागला. चेहऱ्याला आकार असतो तो उंचसखलपणामुळे, आणि तो डोळ्यांना कळतो सावल्यांमुळे. उजेड कॅमेऱ्याच्याच दिशेने, समोरून आला, की सावल्या चेहऱ्याच्या मागे जाऊन पडतात आणि चेहरा रोटीसारखा सपाट होतो. लाल डोळ्यांचे कारणही तेच. भिंगाच्या अगदी जवळून निघालेला प्रकाश बुबुळाच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परततो.

मग फ्लॅश मिटवून आम्ही खिडकीकडे वळलो. आमच्या बैठकीला दक्षिणेकडे चार फूट बाय तीन फुटांची खिडकी आहे. इंदूरला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे ऊन तिरके होऊन खोलीत दूरवर शिरते. त्या उन्हात बसविलेला प्रत्येकजण डोळे बारीक करी आणि नाकाची सावली गालावर कोयत्यासारखी पडे. येथे आमचा पहिला गैरसमज दूर झाला. आम्ही समजत होतो, की भरपूर उजेड म्हणजे चांगला उजेड. वास्तविक उजेड मऊ की कडक, हे तो किती आहे यावर नव्हे, तर ज्यावरून तो येतो ते उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने केवढे दिसते यावर अवलंबून असते. सूर्य प्रचंड असला तरी इतका दूर आहे, की आकाशात तो रुपयाएवढाही भासत नाही. म्हणून त्याची सावली धारदार. तोच प्रकाश एखाद्या पांढऱ्या कपड्यावर अडवला, तर तो सारा कपडाच उजेडाचे उगमस्थान होतो, आणि सावलीची धार विरघळून जाते.

कपडा हवा होता पातळ, पांढराशुभ्र आणि लांबरुंद. घरात असा एकच निघाला. अण्णांचे धोतर. सौ.नी ट्रंकेतून काढून दिले. आम्ही ते दुहेरी करून खिडकीच्या गजांना बांधले. खोलीत असा काही दुधाळ उजेड पसरला, की चहा घेऊन आलेली नात दारातच थबकली. तिला तशीच खिडकीजवळ बसविली. त्या दिवशी काढलेले तिचे छायाचित्र आमचे पहिले 'बरे' छायाचित्र होय.

पुढे मोजमापाचा नाद लागला. वहीत नोंदी करू लागलो. नात खिडकीपासून दोन फुटांवर बसली, की मागची भिंत काळोखी पडे. सात-आठ फुटांवर नेली, की भिंत उजळे, पण चेहऱ्यावरची मऊ उतरण निघून जाई. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शाळेत पाठ केलेला नियम येथे उभा राहिला. लहानशा दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की उजेड निम्मा न होता चौथाई होतो. खिडकीसारख्या विस्तृत उगमाला हा नियम जवळच्या अंतरात तंतोतंत लागू पडत नाही. पण तत्त्व तेच. उजेडाजवळ गेले की त्याची ओसर झपाट्याने होते, लांब गेले की तो एकसारखा पसरतो. मागची अडगळ झाकावयाची असेल, तर माणसाला खिडकीजवळ न्यावे आणि अडगळ दूर ठेवावी. पडदा विकत आणण्याची गरज नाही.

चेहऱ्याची खिडकीपासून पलीकडची बाजू मात्र फार काळी पडे. गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोलचा एक तक्ता माळ्यावर होता. तो त्या बाजूला दीड हातावर उभा केला, आणि सावलीत बुडालेला कान, गाल, कानातली कुडी सारे अलगद वर आले. तक्ता जवळ नेला की सावली फिकी, दूर नेला की गडद. एका खिडकीला जणू कळसूत्री मिळाले.

उन्हाळा : उत्तरेचा उजेड आणि दीनदयाळ

थंडी सरली तेव्हा आम्ही जुन्या स्टुडिओंबद्दल वाचू लागलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली, की आम्हा इंदूरकरांना तिचा अभिमान वाटावा. राजा दीनदयाळ हे नाव हैदराबादकरांच्या परिचयाचे आहे; परंतु त्यांच्या छायाचित्रणाचा श्रीगणेशा आमच्या गावी झाला. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे व अंदाजपत्रके करीत. १८७४ च्या सुमारास त्यांनी केवळ हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि नोकरदार माणसाची ती हौस पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारापर्यंत पोहोचली. १९०५ साली ते निवर्तले. हैदराबादेस १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांकरिता निराळा स्टुडिओ उघडला. तेथे सारे काम एका इंग्रज बाईंच्या हाती असे. समोर बसणाऱ्याला संकोच वाटू नये यासाठी एवढी व्यवस्था! आम्ही ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवली, कारण आमच्या घरातही एक संकोच करणारी व्यक्ती होती.

त्या काळी विजेचे दिवे हाताशी नसत. स्टुडिओच्या छताला आणि एका भिंतीला काचा बसवीत, आणि त्या शक्यतो उत्तरेकडे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस राहतो. सूर्याचा मार्ग बहुतेक वर्षभर आपल्या दक्षिणेकडून जातो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता नुसते आकाश उजळते आणि दिवसभर उजेड स्थिर राहतो. काचांखाली पडदे असत. ते सरकवून उजेड हवा तेवढा, हव्या त्या बाजूने घेत. आमच्या पणजोबांच्या तसबिरीकडे आम्ही पुन्हा नीट पाहिले. डोळ्यांत चकाकणारा ठिपका वरच्या बाजूला, किंचित डावीकडे होता आणि भिंगातून पाहता तो चौकोनी दिसला. ती काचेची खिडकीच होती! ज्या स्टुडिओचे नावही पुसले गेले आहे, त्याची खिडकी पणजोबांच्या बुबुळात शाबूत होती.

आम्ही उत्साहाने मागच्या खोलीच्या उत्तरेकडील खिडकीशी मुक्काम हलविला. एप्रिलपर्यंत सुरळीत चालले. मे महिन्यात मात्र सकाळी आठ वाजता तेथेही ऊन! पुस्तक खोटे ठरले की काय? मग उलगडा झाला. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते. जयसिंहाची वेधशाळा उज्जैनला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आमचे इंदूर त्या वृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून २१ जूनच्या आसपास भर दुपारी सूर्य आमच्या डोक्यावरून अगदी किंचित उत्तरेकडे सरकतो, आणि उन्हाळ्यात उगवतो व मावळतो तो तर स्पष्टच उत्तरेकडे कलून. लंडन-पॅरिसच्या चित्रकारांचा उत्तर उजेडाचा नियम माळव्यात दोन महिने सकाळ-संध्याकाळ रजेवर जातो. नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या खिडकीत बसून घड्याळ आणि ऊन पाहावे, हा धडा तेव्हा मिळाला.

दिव्यांचे दिवस

उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा एक एलईडीचा दिवा, त्याचे उभे दांडके आणि पांढरी छत्री एवढे सामान खरेदी केले. माणसे तासन्‌तास बसावयास कंटाळतात. म्हणून आम्ही कपाटावरचा शिवाजीमहाराजांचा प्लास्टरचा अर्धपुतळा स्टुलावर ठेवला. असा सहनशील बैठककार दुसरा मिळणार नाही. दिवा समोर आणि उंच ठेवला, की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते आणि गालांची हाडे उठून दिसतात. १९३० च्या सुमाराच्या हॉलिवूडमधील नट्यांची छायाचित्रे या पद्धतीची. दिवा अगदी बाजूला नेला, की अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. नाटकातील खलपुरुषाला शोभावा असा. या दोहोंच्या मधोमध, सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या रेषेहून वर दिवा ठेवला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रां याच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण वारंवार भेटतो, म्हणून या मांडणीला त्याचेच नाव पडले आहे.

महाराजांच्या चेहऱ्यावर हा त्रिकोण आम्हांस झटपट साधू लागला, तेव्हा वाटले, विद्या हस्तगत झाली. मग जिवंत माणसे बसविली आणि गर्व उतरला. आमच्या मेहुण्यांचे डोळे खोल. दिवा उंच केला, की भुवयांच्या सावलीत डोळेच बुडत. दिवा वीतभर खाली आणला तेव्हा ते वर आले. शेजारच्या वहिनींचा चेहरा गोल आणि टवटवीत. त्यांना बाजूचा करडा उजेड विद्रूप करी, समोरचा मऊ उजेड खुलवी. दूधवाले भैया मात्र असे, की त्यांच्या सुरकुत्यांवर आडवा उजेड पडला आणि उभे आयुष्य वाचता आले. चेहरा आधी वाचावा आणि मग दिवा हलवावा, हे सूत्र वहीत अधोरेखित करून ठेवले.

फजित्याही भरपूर झाल्या. एकदा बाहेरून मागविलेला सुटा फ्लॅश भिंतीवर आपटून मऊ करावा म्हणून आम्ही तो माजघराच्या भिंतीकडे वळविला. ती भिंत पोपटी रंगाची. सौ.चे सारे मुखमंडल कावीळ झाल्यासारखे पिवळे-हिरवे आले, आणि त्या छायाचित्राबद्दल आम्हांस दोन दिवस बोलणी खावी लागली. उजेड ज्या रंगावर आपटतो तो रंग घेऊन परततो, हे त्या दोन दिवसांत कायमचे ठसले. दुसरी चूक सरमिसळीची. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा. दिवसाच्या उजेडाचे रंगमान सुमारे ५५०० केल्व्हिन, तर जुन्या पिवळ्या दिव्याचे २७०० च्या आसपास. आपले डोळे दोन्ही पांढरेच समजतात, कॅमेरा मात्र समजत नाही. एक गाल निळा आणि एक नारिंगी! तेव्हापासून छायाचित्र काढताना घरातले दिवे मालवावयाचे, हा नियम केला.

याच काळात आम्हांस अण्णांच्या डोळ्यांचा ठावठिकाणा लागला. आमच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षक जाड भिंगांचा चष्मा लावतात. त्यांच्या काचांवर छत्रीचे पांढरे प्रतिबिंब हटता हटेना. आम्ही चष्मा काढावयास सांगितले, तर ते म्हणाले, "चष्मा काढला तर मीच मला ओळखणार नाही." रास्त बोलणे होते. मग कॅरमच्या सोंगटीचा नियम आठवला. ज्या कोनात ती पट्टीवर आदळते, त्याच कोनात परतते, उजेडही तसाच. दिवा हातभर उंच केला, गुरुजींनी हनुवटी किंचित खाली घेतली आणि चष्म्याच्या काड्या कानांवर दोन दोरे वर उचलल्या. काचा थोड्या खाली झुकल्या, प्रतिबिंब जमिनीकडे गेले आणि त्यांच्या मिस्किल डोळ्यांनी आमच्याकडे थेट पाहिले. सारे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. ओळखपत्राकरिता अण्णांना ज्याने बसविले, त्याने ते अर्धे मिनिट दिले असते तर! पण त्याला तरी दोष कसा द्यावा? त्याच्यापुढे रांग होती. आणि आम्ही चाळीस वर्षे अण्णांसमोर बसून जेवलो, आमच्यापुढे तर रांगही नव्हती.

पावसाळा : ओसरीचा उंबरठा

जुलैत आकाश भरून आले. ढग म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ताणलेले धोतरच, असे समजून आम्ही अंगणात धावलो. पण तेथेही डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडू लागली. ढगांचा उजेड मऊ खरा, पण तो डोक्यावरून येतो. उपाय आमच्या जुन्या घरांच्या बांधणीतच होता. माणसाला ओसरीत, छपराच्या सावलीत एक पाऊल आत बसवावे आणि तोंड अंगणाकडे करावे. छप्पर वरचा उजेड अडविते, समोरचे आकाश चेहरा उजळते, आणि मागचा काळोख आपोआप पडदा होतो. दिवा नको, छत्री नको. आमच्या आज्या-पणज्या ओसरीत बसून तांदूळ निवडीत त्या उगाच नव्हे. डोळ्यांना तोच उजेड निका.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यात उमगली. कॅमेऱ्यातील उजेडमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पांढरे लुगडे किंवा फिकट साडी समोर आली, की तो बिचारा समजतो, उजेड फार झाला, आणि चित्र काळवंडून टाकतो. सावळा वर्ण आणि पांढरी साडी असली, तर चेहरा पारच बुडतो. अशा वेळी मापकाचे न ऐकता उजेड एक पायरी वाढवावा आणि माप साडीचे न घेता चेहऱ्याचे घ्यावे.

या विद्येत हौशी माणसाने मागे राहावे असे नाही, याचे दाखले इतिहासात आहेत. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरात, लेकीजावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधील राहत्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, घरातील मोलकरणींना समोर बसविले आणि महिन्याभरातच आपले पहिले यशस्वी छायाचित्र साधले. आपल्याकडे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्यावर धरलेल्या तळहाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड पाहावयास लोक दुरून येतात. त्या चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या गीता. पुढे त्या गीताबाई उपळेकर शंभरी ओलांडून कोल्हापुरास २०१८ साली निवर्तल्या. उजेडाची जाण आणि घरचे माणूस, एवढ्या भांडवलावर केवढे काम झाले!

दिवाळीच्या तोंडावर

ऑक्टोबर उजाडला. वर्ष भरत आले. आमच्या वहीत नोंदी होत्या, भिंतीवर गुरुजी, भैया, वहिनी यांची छायाचित्रे होती. फक्त आईचे नव्हते. आम्ही विचारणेही सोडून दिले होते. दिवाळीची झाडलोट चालू असताना एका सकाळी दहाच्या सुमारास नातीचे छायाचित्र काढावे म्हणून आम्ही दक्षिणेच्या खिडकीला पुन्हा अण्णांचे धोतर बांधले. आई काठी टेकीत आली.

"हे कोणी बांधलंय असं?" तिने विचारले.

"आम्हीच. का?"

"ह्याचा काठ उसवलाय. गजाला लागून आणखी फाटेल." तिने स्टूल ओढले, खिडकीशी बसली आणि सुई-दोरा मागविला. धोतर न सोडताच ती त्याच्या खालच्या काठाला टाके घालू लागली. अंगावर फिकट महेश्वरी साडी. उजेड तिच्या डाव्या बाजूने, किंचित वरून, अण्णांच्या धोतरातून गाळून येत होता. दुखऱ्या उजव्या डोळ्यावर सौम्य छाया होती. वर्षभर दिवे हलवून जे आम्ही मांडीत होतो ते सारे आपसूक मांडले गेले होते. नातीने न सांगता थर्माकोलचा तक्ता उचलून पलीकडे धरला. आम्ही उजेड एक पायरी वाढविला आणि माप चेहऱ्यावरून घेतले. आमचे हात कापत होते, हे कबूल करतो.

आईने मान वर न करता विचारले, "काढतोयस वाटतं?"

"नको असेल तर नाही काढत."

"काढ मेल्या. वर्षभर साऱ्या गल्लीचे काढलेस." आणि दोरा तोडावयास सुई उंच धरून तिने आमच्याकडे पाहिले.

एकंदर सात छायाचित्रे निघाली. त्यांतले ते चौथे. छापून आणलेले चित्र तिने चष्मा लावून, खिडकीशी नेऊन, बराच वेळ पाहिले. आम्ही परीक्षेच्या निकालासारखे उभे होतो. शेवटी म्हणाली, "माझे डोळे दिसतात ह्यात." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि ह्यांचं धोतरही."

आम्ही धीर करून विचारले, की तसबीर करून कोठे लावावी. तिने मान हलविली. "भिंतीवर नको. ताईला ग्वाल्हेरला पाठव. चार वर्षांत तिनं मला पाहिलं नाही. प्रवास तिलाही झेपत नाही नि मलाही. म्हणावं, अजून सुईत दोरा ओवते."

छायाचित्र ग्वाल्हेरला गेले. आठ दिवसांनी मावशीचा फोन आला. दोघी बहिणी पाऊण तास बोलत होत्या. फोन ठेवल्यावर आई आमच्याकडे वळून म्हणाली, "ताई विचारत होती, तिचा कधी काढायला येतोस?"

वाचकहो, ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मोठा कॅमेरा नसला तरी अडत नाही. खिशातला मोबाइल चालेल. फ्लॅश बंद करा, घरातले दिवे मालवा, माणसाला खिडकीजवळ वा ओसरीच्या उंबरठ्याशी बसवा, उन्हावर एक पांढरे वस्त्र धरा, चष्म्यावरची चकाकी हनुवटी हलवून घालवा. आणि त्यांच्या हाती त्यांचे नेहमीचे काम राहू द्या. आम्ही नाताळच्या सुट्टीत ग्वाल्हेरला जाऊन आलो. सामानात कॅमेरा होता, आणि घडी घातलेले, काठ शिवलेले धोतर.